काळा पडलेला फोटो करप्ट असेलच असं नाही, मूळ फाईल टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नौपाड्यात माझं स्कॅनिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे, वीस वर्षं होऊन गेली. लग्नपत्रिका, प्रोजेक्ट रिपोर्ट, सोसायटीच्या नोटिसा ही रोजची कामं, पण मधेच कोणीतरी जुनी सीडी नाहीतर पेन ड्राईव्ह घेऊन येतं आणि म्हणतं, मॅडम ही फाईल उघडतच नाहीये, जरा बघता का. मागच्या महिन्यात अशीच एक फाईल आली आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. थोडं लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा, कारण ठाणे-नवी मुंबईत हे कोणाच्या ना कोणाच्या घरी होतच असणार.

कळव्याहून एक काका आले, पंचाहत्तरीचे असतील. त्यांच्या थोरल्या भावाने २००२ मधे, नोकरीत असताना, लॅबमधल्या फिल्म स्कॅनरवर आईच्या फोटोची निगेटिव्ह स्कॅन करून सीडीवर ठेवली होती. भाऊ आता नाहीत, आणि ती निगेटिव्ह, घरातले बाकीचे फोटो, ट्रंकेतलं जे होतं ते सगळं २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेलं, म्हणजे आईचा फोटो म्हणून उरली ती एवढी एक फाईल. पुतण्याने ती कुठल्यातरी फुकट वेबसाईटवर टाकून पीएनजी करून घेतली तर नुसता काळा चौकोन आला, दुसऱ्या वेबसाईटवर केली तरी काळाच, मग एका दुकानात दाखवली तर तिथे सांगितलं की फाईल करप्ट आहे. काका म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा बघा, नाहीतर मग टाकूनच देतो."

मी फाईल सरळ नोटपॅडमधे उघडली. फोटोची फाईल नोटपॅडमधे कोणी उघडत नाही, पण उघडून बघावी, बरंच काही कळतं. वरती 'पी५ १५३६ २०४८ ४०९५' एवढं वाचता आलं आणि पुढे सगळी वेडीवाकडी चिन्हं. ते पी५ दिसल्यावर माझ्या जिवात जीव आला. हा पीजीएम फॉरमॅट, म्हणजे पोर्टेबल ग्रे मॅप. जेफ पॉस्कान्झर या प्रोग्रॅमरने १९८० च्या दशकात या घराण्यातल्या फॉरमॅटांची सुरुवात केली, आणि मूळ हेतू काय तर चित्र ईमेलमधून साध्या अक्षरांसारखं न बिघडता जावं. म्हणून त्याचं डोकं, म्हणजे हेडर, इतकं साधं आहे की कोणालाही वाचता येतं: रुंदी १५३६ पिक्सेल, उंची २०४८, आणि पूर्ण पांढऱ्याचा आकडा ४०९५.

मग पाटीवरचा गुणाकार. १५३६ गुणिले २०४८ म्हणजे ३१,४५,७२८ पिक्सेल. पांढऱ्याचा आकडा २५५ च्या वर असला की पीजीएममधे प्रत्येक पिक्सेलला दोन बाईट लागतात, म्हणजे ६२,९१,४५६ बाईट, त्यात वरच्या हेडरचे १८ मिळवले की ६२,९१,४७४. फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर साईझ बरोब्बर ६२,९१,४७४. एक बाईट कमी नाही की जास्त नाही. मी काकांना तो आकडा दाखवला आणि म्हटलं, काका, काही गेलेलं नाहीये, आई पूर्ण आहेत यात.

मग काळा चौकोन का येत होता? पीएनजीमधे ग्रेस्केल, म्हणजे राखाडी छटांचं चित्र, १६ बिटचं (पिक्सेलला दोन बाईट) करता येतं, पण तिथे पांढऱ्याचा आकडा ६५,५३५ असतो. पहिल्या वेबसाईटने आकडे जसेच्या तसे उचलून तिकडे ठेवले. आता ४०९५ पूर्ण पांढरा होता तो नव्या फाईलमधे ६५,५३५ पैकी ४०९५, म्हणजे सोळावा हिस्सा, डोळ्याला तो काळाच दिसणार. प्रत्येक आकड्याला साधारण सोळाने गुणायला हवं होतं, तेवढंच राहिलं. दुसऱ्या वेबसाईटने त्याहून वाईट केलं, दोन बाईटमधला वरचा बाईट तेवढा ठेवला आणि खालचा फेकून दिला. मला हे एवढं खोलात सांगायचंय कारण दोन्ही फोटो दिसायला सारखेच काळे, पण पहिल्यात ४०९६ छटा अंधारात बसलेल्या आहेत, ब्राईटनेस वाढवला की बाहेर येतात, आणि दुसऱ्यात फक्त १६ छटा उरल्या, त्या कितीही उजळवा, चेहऱ्यावर नकाशासारखे पट्टे पडतात आणि ते परत कधीच भरून येत नाहीत. पुतण्या नेमका हा दुसरा काळा फोटो मोबाईलमधे ठेवून सीडी टाकून द्यायला निघाला होता.

पुतण्याला दोष नाही, पोराने आपल्या परीने प्रयत्नच केला. गंमत अशी की २००० सालापर्यंत या पी५ मधे एका पिक्सेलला एकच बाईट मिळायचा, दोन बाईटची सोय नंतर आली, त्यामुळे जुन्या नियमावर लिहिलेले प्रोग्रॅम आणि घाईत बनवलेल्या वेबसाईटी अजून इथेच ठेचकाळतात. दुसरी भानगड बाईटच्या क्रमाची. पीजीएममधे मोठा बाईट आधी येतो, आपले रोजचे कॉम्प्युटर मात्र छोटा आधी धरतात, आणि हा क्रम उलटा लागला की फोटो काळा न होता सगळा खरखरीत वाळूसारखा होतो, मधेमधे डोंगराच्या नकाशावर असतात तशा रेघा. तेही करप्ट नसतं, क्रम फिरवला की चित्र जाग्यावर.

माझ्याकडे इमेजजे आहे, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत, एनआयएचमधे, संशोधकांसाठी बनलेलं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. त्यात फाईल उघडली, सोळाने गुणलं, निगेटिव्ह असल्यामुळे उलटवली, आणि नऊवारीतल्या एक बाई स्क्रीनवर आल्या. काका काही बोललेच नाहीत बराच वेळ. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कुड्या बघा, मोती मोजता येतायत." खरंच येत होते. पदराचा काठ, कपाळावरचं आडवं कुंकू, केसातली फुलं, सगळं १२ बिटमधे, म्हणजे त्या ४०९६ छटांत, जसंच्या तसं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण हाच प्रकार आजारपणात झाला की नुसतं वाईट वाटून भागत नाही. माझी आई नेरुळला भावाकडे असते. तिच्या छातीचा सीटी स्कॅन काढला आणि त्या सेंटरने रिपोर्ट आणि दोन-चार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिले, जेपीईजी. आम्ही ते घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी मोबाईल बघून लगेच परत दिला, म्हणाले यात फुप्फुसं दिसतच नाहीयेत, मला सीडी आणून द्या. सेंटरवर गेलो तर सीडी रायटर बंद आहे, नंतर या, मग परत गेलो तर ज्यांच्याकडे पासवर्ड आहे ते रजेवर. ट्रान्स हार्बरने ठाणे-नेरुळ अशा माझ्या तीन खेपा झाल्या, आणि आई तिकडे खोकतेय.

डॉक्टर अडून बसले नव्हते, त्यांचं बरोबर होतं. सीटीच्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट म्हणतात त्याला, ज्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल मिळालं त्यांच्या नावावरून. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, हाड कित्येक शे वर. सगळा पसारा साधारण ४०९६ पायऱ्यांचा. पण साध्या जेपीईजीत राखाडीच्या पायऱ्या फक्त २५६, म्हणून सगळं एकदम दाखवता येत नाही, एक पट्टा निवडून तेवढाच दाखवतात, त्याला विंडो म्हणतात. हृदय आणि आजूबाजूचा मऊ भाग बघायचा असेल तर साधारण उणे १६० ते अधिक २४० हा पट्टा घेतात. फुप्फुसात हवा भरलेली, त्याचे आकडे उणे ७००, उणे ८०० च्या आसपास, ते या पट्ट्यात येतच नाहीत, सगळे एकजात काळे. फुप्फुसाला वेगळी, रुंद विंडो लागते. सेंटरने पहिल्या विंडोतले फोटो जेपीईजी करून पाठवले आणि फुप्फुसाचा तपशील तिथल्या तिथे संपला. सीटी मशीनमधली मूळ फाईल, जिला डायकॉम म्हणतात, ती असती तर डॉक्टरांनी माऊस फिरवून पाहिजे ती विंडो लावली असती, आणि सीडी मिळाल्यावर त्यांनी नेमकं तेच केलं, माझ्यासमोर, अर्ध्या मिनिटात. आई आता बरी आहे.

डायकॉम हा काही गूढ प्रकार नाही. १९८५ मधल्या एका जुन्या मानकातून १९९३ मधे तो आजच्या रूपात आला आणि आज जवळपास सगळी एक्स-रे, सीटी, एमआरआय मशिनं तोच वापरतात. फाईलच्या सुरुवातीचे १२८ बाईट सोडले की पुढे चार अक्षरं लिहिलेली असतात, डी-आय-सी-एम, त्यावरून ओळखायची. त्यात एक खोच मात्र लक्षात ठेवावी अशी आहे. ग्रेस्केलचे दोन प्रकार तिथे असतात, मोनोक्रोम१ आणि मोनोक्रोम२. एकात शून्य म्हणजे पांढरा, दुसऱ्यात शून्य म्हणजे काळा. स्कॅनिंगमधे वापरतात त्या टिफ फाईलमधेही हेच आहे, शून्याला पांढरा मानायचं की काळा हे एका रकान्यात लिहिलेलं असतं, आणि जो कन्व्हर्टर तो रकाना न वाचता नुसते आकडे उचलतो तो चित्र उलटं करून देतो. एक्स-रे उलटा झाला तर हाडं काळी दिसतात, कोणाच्याही लक्षात येईल. पण मायक्रोस्कोपचा फोटो, लॅबमधल्या डीएनए तपासणीच्या जेलचा फोटो, चंद्राच्या तुकड्याचा फोटो उलटा झाला तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

चंद्रावरून आठवलं, ऐरोलीचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा माझ्याकडे चांद्रयान-२ ची फोटो फाईल घेऊन आला होता, इस्रोच्या प्रदान पोर्टलवरून रीतसर उतरवलेली. पीडीएस४ या ग्रह-चंद्रांच्या माहितीसाठीच्या प्रकारात नुसत्या आकड्यांची एक फाईल येते आणि जोडीला एक एक्सएमएल लेबल, ज्यात किती ओळी, ओळीत किती पिक्सेल, एका पिक्सेलला किती बाईट, क्रम कुठला, सगळं लिहिलेलं असतं. त्याने लेबल ही भलतीच फाईल समजून डिलीट केली होती आणि आकड्यांची तेवढी ठेवली होती. ती उघडणार कशी? परत जाऊन लेबल आणलं तेव्हा पाच मिनिटांत झालं. सोबत आलेली छोटी फाईल कधीही फेकू नये, मोठीचा पत्ता तिच्यातच असतो.

आता संस्थांबद्दल, आणि हे मला सगळ्यात कळकळीने लिहायचंय. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे त्या गावात जुन्या कागदांना तोटा नाही, कितीतरी मंडळं, देवस्थानं, शाळा आपली दप्तरं स्कॅन करून घेतायत, चांगलीच गोष्ट आहे. पण अशाच एका संस्थेचं काम माझ्याकडे नंतर प्रिंटिंगला आलं आणि बघून पोटात कालवलं. जुनी वही, मोडीत लिहिलेली, बाजूला कोणीतरी पेन्सिलीने बारीक टिपणं केलेली. स्कॅन करणाऱ्याने मशीनवर 'ब्लॅक अँड व्हाईट' निवडलं. का, तर आपण सगळेच जुन्या फोटोला ब्लॅक अँड व्हाईट म्हणतो. पण स्कॅनरच्या भाषेत त्याचा अर्थ पिक्सेल एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा, मधे काही नाही. आपण ज्याला ब्लॅक अँड व्हाईट फोटो म्हणतो त्याला स्कॅनर ग्रेस्केल म्हणतो, त्यात २५६ छटा. शाईची अक्षरं आली, पेन्सिलीची टिपणं पांढऱ्यात विरघळून गेली, आणि कागद पिवळा पडला होता तिथे मोठे काळे डाग. मी विचारलं मूळ वही कुठे आहे, तर म्हणे स्कॅन झाल्यावर जागा अडते म्हणून गठ्ठा बांधून कुठेतरी पाठवला.

जागा वाचते म्हणून असं करतात म्हणावं तर हिशोब तरी बघा. ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे ८ बिट (पिक्सेलला एक बाईट) ग्रेस्केलमधे काहीही न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, साधारण ८.७ एमबी. एक टीबीच्या डिस्कवर अशी एक लाखाहून जास्त पानं मावतात. एवढ्यात संस्थेचा सगळा इतिहास बसेल. पीएनजी नाहीतर एलझेडडब्ल्यू पद्धतीने दाबलेलं टिफ केलं तर एकही छटा न गमावता जागा आणखी कमी. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपल्या हस्तलिखितांसाठी चक्क खगोलशास्त्रज्ञांचा फिट्स फॉरमॅट घेतला, जो १९८१ पासून चालत आलाय, कारण त्याचा नियमच असा की एकदा जी फाईल वैध झाली ती पुढेही वैधच राहणार, आणि हेडर साध्या अक्षरांत, ८० अक्षरांची एकेक ओळ, शंभर वर्षांनीही कोणी वाचू शकेल. आपल्या संस्थांनी फिट्स घ्यावा असं मी म्हणत नाही, पण तेवढा विचार तरी करावा.

आणि आकडेमोडीच्या कागदांना तर जास्तच जपावं. २०१३ मधे जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांच्या लक्षात आलं की बांधकामाचा नकाशा स्कॅन केल्यावर २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ लिहून आलंय. मशीनमधली जेबिग२ नावाची दाबायची पद्धत सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होती. अक्षर पुसट झालं असतं तर कळलं असतं, इथे आकडा स्वच्छ, सुबक, आणि चुकीचा. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या धामधुमीत जुने प्लॅन स्कॅन करून घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं, स्कॅन मूळ कागदाशी ताडून बघावा आणि अशा कागदांना ती पद्धत वापरूच देऊ नये.

तर माझं सांगणं असं. सोनोग्राफी, एक्स-रे, सीटीची सेंटरं चालवणाऱ्यांनी पेशंटला डायकॉम फाईल न मागता द्यावी, सीडीवर द्या, पेन ड्राईव्हवर द्या, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर भागवू नका, तो फोटो वाटल्यास जास्तीचा म्हणून द्या. पेशंटनी ती फाईल फुकट कन्व्हर्टरच्या वेबसाईटवर टाकू नये, तिच्यात पेशंटचं नाव, जन्मतारीख असं सगळं लिहिलेलं असतं, चित्राबरोबर तेही जातं. संस्थांनी स्कॅनिंगचं काम देताना कागदावर एवढं लिहून घ्यावं की मास्टर कॉपी ग्रेस्केल नाहीतर कलर, टिफ किंवा पीएनजी, जेपीईजी आणि पीडीएफ फक्त वाचायला, आणि दहा पानं मूळ वहीशेजारी ठेवून तपासल्याशिवाय बिल चुकतं करायचं नाही. आणि माझ्यासारख्या दुकानदारांनी फाईल उघडली नाही की करप्ट म्हणून मोकळं होऊ नये, समोरच्या माणसाचं त्यात काय असतं आपल्याला माहीत नसतं. पहिली ओळ वाचा, साईझचा गुणाकार करा, दहा मिनिटं जातात.

काकांना मी १६ बिटचं पीएनजी करून दिलं, मोबाईलसाठी एक छोटं जेपीईजी दिलं, आणि मूळ पीजीएम तसाच ठेवून दोन पेन ड्राईव्हवर कॉपी केला. एक त्यांच्या घरी, एक मुलीकडे बदलापूरला. पाकिटावर पेनाने लिहिलं: पीजीएम, १५३६ बाय २०४८, दोन बाईट, मोठा आधी, पांढरा ४०९५, निगेटिव्ह आहे, उलटवणे. काकांनी ते पाकीट दोनदा वाचून घेतलं आणि खाली आपल्या हाताने आईचं नाव घातलं.

आपली एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)